चित्राबाहेरचा अंगठा

१२ जानेवारी, मंगळवार

...तोवर खळ शिजली होती. ती उतरवली, फडक्यातून गाळून घेतली, कारण खळीत एक गुठळी राहिलेली ह्यांना चालायची नाही, आणि ह्यांना जाऊन चौथं वर्ष लागलं तरी मलाही अजून चालत नाही. दुकानातली कातरणं झाडून पोत्यात भरली. वर येऊन दुधावर झाकण ठेवलं. कपडे पिळून वाळत घातले, एक मोजा नेहमीप्रमाणे हरवला. मग आंघोळीला गेले, आणि साबण लावताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. छोट्या लिंबाएवढी. मी आधी साबण धुऊन टाकला, जणू दोष साबणाचाच, आणि पुन्हा चाचपून पाहिलं. होती.

हे सगळं गेल्या आठवड्यातलं. ही वही त्याच दुपारची. एका गिऱ्हाइकाच्या कोऱ्या वहीला मी पुठ्ठा उलटा चढवला. उघडली की शेवटचं पान आधी येतं. आधी ह्यांच्या हाताखाली आणि मग ह्यांच्या मागे, इतकी वर्षं पुस्तकं बांधतेय, असं कधी झालं नव्हतं. खळ पातळ झाली असणार. गिऱ्हाइकाला दुसरी करून दिली, ही मी ठेवून घेतली. आता तीत लिहायला बसलेय.

लिहायची मला सवय नाही, वाचायची आहे. शाळेत मी नावालाच गेले. वाचायला शिकले ती बांधायला आलेल्या पुस्तकांवर, सुटे फर्मे, म्हणजे शिवायच्या पानांच्या घड्या, हाताला येतील तसे. त्यामुळे माझी पुष्कळ पुस्तकं मधूनच वाचून झाली आहेत. कोणाचं लग्न कोणाशी झालं ते मला पक्कं माहीत असतं, दोघं भेटले कुठे ते विचारू नये.

डॉक्टरकडे जायला हवं. एक शब्दकोश उद्या द्यायचाय, तो झाला की जाते.

१८ जानेवारी, सोमवार

शब्दकोश दिला. मग कोणीतरी फाटकं स्वयंपाकाचं पुस्तक आणलं, तेही दिलं. आज दुकानात बांधण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा गेले.

सर्जनबाई तरुण आहेत. केस आखूड, पायांत धावायचे बूट. त्यांनी तपासलं, फोटो काढायला लावला, सुई घालून नमुना घेतला. "दुखलं का?" म्हणाल्या. म्हटलं, "सुयांशी आमचं जुनं आहे."

२१ जानेवारी, गुरुवार

कॅन्सर आहे. सर्जनबाईंनी तो शब्द एकदाच उच्चारला, पण नीट, माझ्याकडे बघून. मला ते आवडलं.

म्हणाल्या, त्याच बाजूच्या काखेतही एक गाठ लागते आहे. आजार तेवढ्यापुरताच असेल तर ऑपरेशन करून दोन्ही काढू, पुढे औषधं, आणि बरं होण्याची आशा चांगली. पण तो पलीकडे गेला असेल तर ऑपरेशनाने साधत नाही. मग तो औषधांनी दाबून ठेवायचा, जमेल तितका काळ.

"पलीकडे म्हणजे कुठे?"

"दुसरी काख, फुप्फुसं, यकृत, हाडं."

"मग राहिलं काय?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, बुधवारी अख्ख्या अंगाचं चित्र काढू, म्हणजे कळेल. पेट-सीटी म्हणतात त्याला.

घरी येऊन मी एक चूक केली. वन्संना फोन केला. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. अख्खी नोकरी टेलिफोन ऑफिसात गेली, त्यामुळे घरातही ओळीच्या दुसऱ्या टोकाशी बोलावं तसं बोलतात. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "धरून ठेव," आणि फोन आपटला.

२३ जानेवारी, शनिवार

वन्सं आल्या. दारातच म्हणाल्या, "दोन दिवसांसाठी आलेय."

"आणि ह्या तीन पिशव्या?"

"एकीत माझी औषधं आहेत."

"आणि ह्या दोन्हींत?"

"तूच सगळं विचारणार, की मला पाणीबिणी देणार?"

घरी रंगकाम काढलंय म्हणाल्या. रंगाचा वास सोसत नाही. पिशव्या आत नेल्या आणि सरळ ह्यांच्या आरामखुर्चीत जाऊन बसल्या. त्या खुर्चीत मी कोणाला बसू देत नाही. पण त्यांना उठा म्हणायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास, तेव्हा पाणी आणायला गेले.

दुपारी मी खाली शिवत बसले होते. त्या मागून येऊन "अगं!" म्हणून ओरडल्या. दाभण डाव्या अंगठ्यात गेलं, नखाच्या कडेला, चांगलं खोल.

"लागलं का गं?"

"नाही."

"रक्त आलंय."

"म्हणून काय लागलं?"

आमच्या धंद्यात टोचणं म्हणजे लागणं नव्हे. चुलीपाशी घाम यावा तसं ते येतं. ह्यांच्या बोटांची तर चाळण झाली होती, आणि ह्यांना विचारा, उभ्या जन्मात कधी हाताला लागलं का? नाही म्हणाले असते. मी चिंधी गुंडाळली आणि फर्मा पुरा केला. वन्सं कशासाठी ओरडल्या होत्या? मीठ कुठे आहे विचारायला.

२६ जानेवारी, मंगळवार

उद्या चित्र. आज जड काम करायचं नाही, उद्या सकाळी उपाशी राहायचं. वन्संनी मला पाण्याची बादलीही उचलू दिली नाही. "स्नायू दमले की चित्रात दिसतात," असं त्यांनी फोनवर कोणाकडून तरी काढून आणलंय. मी म्हटलं, मग जीभ दमली तर? त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

अंगठा ठणकतोय. पिकणार बहुतेक. मलम लावलं.

रंगकामाचं विचारलं तर वन्सं म्हणाल्या, रंग झाला, आता पाइप फुटलाय. बिचारीच्या घराला काहीतरी साडेसातीच लागलीय.

२७ जानेवारी, बुधवार

आजचा दिवस मजेचाच होता. मला जरासुद्धा भीती वाटली नाही. फक्त जाताना चपला वेगवेगळ्या घातल्या, ते बसमध्ये लक्षात आलं.

मशीनवर एक चुणचुणीत मुलगी होती. तिने विचारलं, "आजी, अलीकडे काही जखम? इंजेक्शन, लस, ताप?"

"नाही गं. काहीच नाही."

मळकी चिंधी मी घरीच सोडून गेले होते. चारचौघांत बरी दिसत नाही. तिने डाव्या कोपरात इंजेक्शन दिलं. रोग उजवीकडे म्हणून सुई डावीकडे. म्हणाली, यात एक प्रकारची साखर आहे, तिला किंचित किरणं जोडलीत. कॅन्सर खादाड असतो, सगळ्यांच्या आधी साखर खातो, आणि खाल्ली की चित्रात उजळतो. म्हणजे आधी उपाशी ठेवायचं, मग ताट वाढायचं आणि कोण तुटून पडतंय ते बघायचं. लग्नाच्या पंगतीतही हेच कळतं.

मग एक तास एका खोलीत निजवलं. घोंगडीसारखं जाड पांघरूण दिलं. बोलायचं नाही, हलायचं नाही. मी पिशवीतून पुस्तक काढलं तर ती म्हणाली, "वाचायचंही नाही."

"मनातल्या मनात?"

"मनातल्या मनातही नको. नुसतं पडा."

नुसतं पडायला मी आयुष्यात कधी शिकले नाही. छत बघत राहिले. छत शेवटपर्यंत वाचून झालं तेव्हा हाक आली.

मशीन म्हणजे एक मोठी बांगडी. हात डोक्यावर उंच करून पडायचं, आणि आपण हळूहळू तिच्यातून आत-बाहेर. हात इतका वेळ वर धरून खांदे भरून आले. बाहेर आल्यावर मुलीने बजावलं, आज संध्याकाळपर्यंत लहान बाळं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा, अंगात अजून किरणं आहेत. वन्सं पुढे होऊन म्हणाल्या, "मी जवळ बसले तर चालेल का?" सत्तरीच्या बाईने इतक्या गंभीरपणे विचारलं, की त्या मुलीला तोंडावर रुमाल धरावा लागला.

१ फेब्रुवारी, सोमवार

सर्जनबाईंनी चित्र पडद्यावर दाखवलं. ह्यांनी एकदा शरीरशास्त्राचं पुस्तक बांधलं होतं, त्यात पारदर्शक पानं होती: एकावर हाडं, एकावर शिरा, एकावर आतडी. एकावर एक नेमकी बसली की माणूस तयार. जरा सरकली की हृदय पोटात. हे तसंच आहे. एक चित्र करड्या रंगाचं, अंगाचा नकाशा. दुसरं नुसत्या उजेडाचं, कुठे साखर खाल्ली गेली त्याचं. दोन्ही एकाच यंत्रात, एकाच पडण्यात काढलेली, म्हणून एकमेकांवर बरोबर बसतात. सर्जनबाई म्हणाल्या, नुसते दिवे दिसले तर ते कुठल्या घरातले ते कळत नाही, आणि नुसता नकाशा पाहिला तर कोणाच्या घरात जाग आहे ते कळत नाही.

मेंदू लख्ख उजळला होता. मी घाबरले. त्या म्हणाल्या, मेंदू सगळ्यांचाच उजळतो, त्याला साखर लागतेच. "बघून घे," वन्सं मला म्हणाल्या. "पुन्हा कोणी म्हणणार नाही."

उजवीकडची गाठ होती तिथेच होती. तिच्या काखेतली सोबतीण होती. हाडं साफ, यकृत साफ, फुप्फुसं साफ. मी पदर सावरून उठायच्या बेतात होते.

"आणि हे इथे," सर्जनबाई म्हणाल्या.

डाव्या काखेत एक ठिपका. छोटा, पण चांगला पेटलेला.

"हे मला आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या. शुक्रवारी त्या ठिपक्यात सुई घालून बघू. कॅन्सर निघाला तर ऑपरेशनाचा विचार सोडावा लागेल.

परत येताना मी विचार केला, आणि खरं लिहायचं तर बरंच वाटलं. उजव्या बाजूचं ऑपरेशन म्हणजे उजवा हात किती दिवस कामातून जाणार. तो वाचला. गोळ्या खात काम करता येईल. ह्यांनाही जाऊन तीन वर्षं झाली. सगळं कसं सुटसुटीत. बसमध्ये मी हे वन्संना सांगितलं, अगदी सहज. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. टेलिफोनवाली बाई गप्प झाली, की ओळच तुटल्यासारखं वाटतं.

जेवताना त्यांनी ताट सरकवलं.

"सुटसुटीत?" त्या म्हणाल्या. "तो न सांगता गेला. दुपारी जेवला आणि गेला. आता तू सांगूनसवरून निघालीस. आणि मला काय ठेवताय मागे, तुमच्या खुर्च्या पुसायला?"

"वन्सं, मी कुठे निघालेय? मी फक्त म्हटलं..."

"काय म्हटलंस ते ऐकलंय मी. माझे कान अजून शाबूत आहेत." आणि उठून ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून.

मला कळेना, इतकं चिडण्यासारखं मी काय बोलले.

२ फेब्रुवारी, मंगळवार

वन्सं बोलत नाहीत. भांडी मात्र मोठमोठ्याने बोलताहेत.

पाइप दुरुस्त झाला का विचारलं. "कसला पाइप?" म्हणाल्या.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

सर्जनबाईंनी मला टेबलावर घेतलं, डाव्या काखेवर गार जेली लावली, सोनोग्राफीच्या पडद्यावर ती गाठ शोधली. सुई हातात घेऊन पुन्हा विचारलं, "या हाताला मध्यंतरी काही झालं होतं का? जखम, कापणं, भाजणं, काही?"

"नाही हो. मी सांगितलं ना मुलीला."

वन्सं कोपऱ्यात बसल्या होत्या. चार दिवसांत त्या पाइपाच्या दोन शब्दांपलीकडे माझ्याशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, माझं डावं मनगट धरलं आणि हात सर्जनबाईंच्या नाकासमोर नेला.

"मग हे काय, शोभेचं आहे?"

अंगठा चांगला टरारला होता. नखाच्या कडेने पिवळा पडलेला. मला ओशाळल्यासारखं झालं.

"हे कधीचं?" सर्जनबाईंनी विचारलं.

"हे होय? हे कामाचं आहे. दाभण लागलं होतं."

"चित्र काढायच्या आधी की नंतर?"

"आधी. पण जखम नाही ती, नुसतं टोचलं होतं..."

"आजी," त्यांनी सुई खाली ठेवली, "यात पू झालाय."

"होतो कधीकधी."

"मग मुलीने जखम आहे का विचारलं तेव्हा?"

"अहो, पुस्तक बांधणाऱ्याला टोचलं का असं कोणी विचारतं का? कोळ्याला भिजलास का विचारण्यासारखं आहे ते."

सर्जनबाई स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. मग समजावून सांगितलं. बोट पिकलं की तिथली घाण अडवायला त्याच बाजूच्या काखेतली गाठ कामाला लागते, सुजते. काम करणारी गाठही साखर खाते. त्यामुळे चित्रात तीही उजळते. यंत्र फक्त कोण खातंय एवढं सांगतं, का खातंय ते नाही.

"मग चित्रात अंगठा कसा दिसला नाही तुम्हाला?" वन्संनी उलटतपासणी केली. "एवढं अख्खं अंग काढलंत ना?"

"हात डोक्यावर होते. चित्र कपाळापासून मांडीपर्यंतच असतं. अंगठा चित्राच्या बाहेर राहिला."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्या अंगातली एक गोष्ट सांगायची होती हिला. एक."

मला एकदम हलकं वाटलं आणि मी उठायला लागले. सर्जनबाईंनी खांद्यावर हात ठेवून परत निजवलं. "थांबा. अंगठ्यामुळे असेल असं मला वाटतंय. पण वाटण्यावर मी ऑपरेशन ठरवत नाही. अंगठाही पिकलेला आणि काखेत कॅन्सरही, असं दोन्ही असू शकतं. सुई घालायचीच." घातली. अंगठ्यालाही चीर देऊन पू काढला. अंगठ्याचं जास्त दुखलं.

बसमध्ये वन्सं बोलायला लागल्या. घर येईपर्यंत चार दिवसांचं सगळं बोलून झालं.

८ फेब्रुवारी, सोमवार

रिपोर्ट नाही. फोन वाजला की वन्सं आधी उचलतात, जुनी सवय. सगळ्या चुकीच्या नंबरांशी गोड बोलतात.

मला काम सुचत नाही. एकच फर्मा दोनदा शिवला. एकदा उसवला, पुन्हा तसाच उलटा शिवला. खळीचा दोष नाही, हे आता मी मान्य करते.

१० फेब्रुवारी, बुधवार

कॉलेजातले ग्रंथपाल आले होते. जाड विश्वकोश आहे, पुष्कळ खंडांचा, सगळ्यांचे कणे निघालेत. म्हणाले, "घाई नाही. हळूहळू करा. पुढच्या वर्षापर्यंत झालं तरी चालेल."

मी नेहमी अशा वेळी म्हणते, बघते, सांगते. आज पटकन म्हणाले, "पुढच्या वर्षी जूनमध्ये देते. पहिल्या खंडापासून वाचत वाचत बांधीन. या खेपेला सुरुवातीपासून."

ग्रंथपाल गेल्यावर खंडांचा ढीग बघितला. वर येऊन खुर्चीत बसले. वन्सं म्हणाल्या, "काय झालं?"

"वन्सं, तो ठिपका कॅन्सरचा निघाला तर?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी हे तोंडाने म्हटलं. त्या दिवशी बसमध्ये मी जे सुटसुटीत म्हटलं होतं ते मला नको होतं. मला तो विश्वकोश हवा होता, शेवटच्या अक्षरापर्यंत.

वन्सं जवळ आल्या. माझ्या शेजारी जागा नव्हती, तरी खुर्चीच्या हातावर टेकल्या. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो होतो. खुर्ची करकरत होती. ह्यांच्या खुर्चीत आपण दोघी बसलोय, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय, कारण उजव्या बाजूला अजून नळी आहे आणि हात उचलत नाही. डाव्या हाताने लिहितेय. वन्सं म्हणतात, आधीचंही काही फार सरळ नव्हतं. त्यांच्या घराचं आता काहीच बिघडलेलं नाही, पण त्या गेलेल्या नाहीत. मी विचारणं सोडून दिलंय.

रिपोर्ट आला त्या दिवसाचं लिहायचं राहिलं होतं, तेवढं लिहून ठेवते.

फोन वन्संनीच उचलला. "हो. हो. कोण पाहिजे? मीच बोलतेय समजा." मग ऐकत राहिल्या. त्या इतका वेळ दुसऱ्याचं ऐकतात हे मी प्रथमच पाहिलं. त्यांचा चेहरा काही सांगेना. मग त्यांनी फोन माझ्या कानाला लावला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सर्जनबाई म्हणाल्या, डाव्या काखेत कॅन्सर नाही. सुजलेली गाठ आहे, अंगठ्याचीच. आजार उजवीकडेच आहे, काढता येईल.

मी म्हटलं, "नक्की ना?"

"नक्की. उद्या एक खाट रिकामी होतेय. येता का, की पुढच्या आठवड्यात?"

टेबलावर एका मुलाचं फाटकं गणिताचं पुस्तक पडलं होतं, परीक्षेआधी हवं होतं त्याला. विश्वकोशाचा पहिला खंड उसवून ठेवला होता. पुढच्या आठवड्यात, असं माझ्या अगदी ओठांवर आलं.

"उद्या येते," मी म्हटलं.

फोन ठेवला. वन्सं अजून भिंतीकडेच बघत होत्या. "काय म्हणाली?" असं विचारलं, जसं काही ऐकलंच नव्हतं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं मग, पिशवी भरायला हवी," आणि नाक पुसून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांनी रिकामं पातेलं घासलं, पुसलं, आणि पुन्हा घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केस धुतले, दुकानाची किल्ली वन्संच्या हातात दिली, आणि जाऊन भरती झाले.